गावातच दुरुस्त होईल अशी इलेक्ट्रिक सायकल कशी निवडावी?

पंचगंगाकाठ

नमस्कार. मी इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेबाचे काम पाहतो. घर शहराबाहेरच्या गावात असल्यामुळे रोज जाऊन-येऊन सुमारे २२ कि.मी. अंतर पडते. रस्ता सपाट आहे. पावसाळ्यात मात्र दोन ठिकाणी पाणी साचते. माझे वय ५२ असून साखर थोडी वाढलेली आहे, त्यामुळे पायडल मारणे सोडायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले आहे.

तीन वर्षांपूर्वी मी ३६ व्होल्टची एक इलेक्ट्रिक सायकल घेतली होती. दीड वर्ष ती उत्तम चालली. मग एका सकाळी डिस्प्लेवर एक आकडा उमटला आणि मोटर चालेना. विक्रेत्याने मला कोल्हापूरला पाठवले, कोल्हापूरकरांनी फोटो काढून पुण्याला पाठवले आणि दोन महिन्यांनी असे उत्तर आले की ते मॉडेल बंद झाले आहे, त्याचा डिस्प्ले आता मिळत नाही आणि दुसरा कोणताही डिस्प्ले तिच्या कंट्रोलरला, म्हणजे मोटरला जाणारी वीज सांभाळणाऱ्या डबीला, चालत नाही. चाके, चिमटा, बॅटरी सगळे धडधाकट असताना ती सायकल आज माळ्यावर पडून आहे.

आता पुन्हा घ्यायची आहे आणि ४० हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. प्रत्येक दुकानदार एका चार्जमध्ये ती किती किलोमीटर जाईल ते सांगतो, पण बिघडल्यावर ती उघडणार कोण, या प्रश्नावर सगळे गप्प बसतात. दुकानात उभे राहून नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

दोन_चाके

या पैशांत थोडी भर घालून इलेक्ट्रिक स्कूटर का घेत नाही? तिचे सेवाकेंद्र निदान जिल्ह्याच्या ठिकाणी तरी असतेच.

पंचगंगाकाठ

पायडल मारायचे आहे, हे एक कारण. दुसरे असे की स्कूटर बंद पडली तर ती टेम्पोत घालून न्यावी लागते, सायकल मात्र मोटर बंद पडली तरी घरापर्यंत येते.

जुना_फिटर

मी नाशिकजवळ औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे फिटर होतो आणि निवृत्तीनंतर घराच्या पडवीत ओळखीपाळखीच्या लोकांच्या सायकली दुरुस्त करतो. त्या अनुभवावरून सांगतो.

तुमची जुनी सायकल मोटरमुळे बंद पडलेली नाही. ज्या सायकलीत डिस्प्ले आणि कंट्रोलर एकमेकांना विशिष्ट संदेश पाठवून ओळख पटवतात, तिथे एक गेला की दुसराही निकामी ठरतो. याउलट साध्या सायकलीत कंट्रोलर म्हणजे एक ॲल्युमिनियमची डबी असते. तिच्यातून बॅटरीच्या दोन जाड वायरी, मोटरच्या तीन जाड वायरी, हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणाऱ्या भागाच्या) पाच बारीक वायरी आणि थ्रॉटल (वेगाची मूठ), ब्रेक व पायडल सेन्सर यांचे छोटे कनेक्टर बाहेर येतात. अशी ३६ व्होल्ट २५० वॅटची डबी कोणत्याही बनावटीची घेतली तरी वायरी जुळवून बसवता येते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न असा विचारावा, की डिस्प्ले काढून टाकला तर ही सायकल नुसत्या थ्रॉटलवर चालेल का. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, तर कंट्रोलरची झाकणपट्टी उघडून दाखवायला सांगावे. दोन स्क्रूंचे काम असते. त्याला नकार मिळाला तर तेच उत्तर समजावे.

मोटर चाकाच्या तुंब्यातली, म्हणजे हब मोटर असलेलीच घ्यावी. पायडलच्या आसापाशी बसवलेली मोटर चढावर फार सुरेख चालते, यात शंका नाही. पण तिच्यामुळे चेन आणि दाते लवकर झिजतात. शिवाय काही परदेशी बनावटींच्या अशा मोटरी अधिकृत विक्रेत्याच्या संगणकाला जोडल्याशिवाय दोष काय आहे तेही सांगत नाहीत. सपाट रस्त्यावर रोज २२ कि.मी. जाणाऱ्याने ते दुखणे विकत घेऊ नये.

आता ज्याकडे कोणीच लक्ष देत नाही ती गोष्ट, म्हणजे पंक्चर. बहुतेक गाड्यांत मोटर मागच्या चाकात असते आणि तिची वायर आसातून बाहेर येते. ते चाक काढायला १८ नंबरचा पाना लागतो आणि तो पंक्चरवाल्याकडे असेलच असे नाही. वायरीला फ्रेमच्या मागच्या दांडीपाशी कनेक्टर असला, तर तो सोडवून चाक सुटे होते. तसा नसला, तर चाक लोंबकळते, वायर आसापाशी पीळ खाते आणि शंभर रुपयांच्या पंक्चरपायी मोटरची वायर तुटते. मी अशा चार मोटरी पाहिल्या आहेत. टायरही २६ इंची, नेहमीच्या रुंदीचा असावा. चार इंच रुंदीचे जाडजूड टायर फोटोत छान दिसतात, पण तालुक्याच्या गावी त्यांची ट्यूब मिळत नाही.

वाशिष्ठी

जुना_फिटर यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण पाण्याविषयी बोलायला हवे, कारण मूळ प्रश्नातच साचलेल्या पाण्याचा उल्लेख आहे.

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची इलेक्ट्रिक सायकल तळमजल्यावर दीड दिवस पाण्यात होती. बॅटरी सुदैवाने वर नेलेली होती. पाणी ओसरल्यावर यजमानांनी आणि पंखे दुरुस्त करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी मिळून मोटर उघडली. बाजूच्या झाकणाचे स्क्रू काढून गाभा ओढताना आतल्या चुंबकांनी तो असा परत खेचला, की शेजाऱ्यांचे बोट चेंगरता चेंगरता वाचले. आत चहाच्या रंगाचे गढूळ पाणी होते आणि लोखंडी पट्ट्यांवर गंजाची पातळ साय धरली होती. सगळे धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, गंज घासून वार्निश दिले. दोन्ही बेअरिंगे पंख्याच्या दुकानात मिळणाऱ्या नंबरची निघाली, म्हणून तिथेच बदलून झाली. ती मोटर अजून चालते. मोटर स्क्रूने उघडणारी होती, म्हणूनच हे जमले.

कंट्रोलर मात्र गेला. तो फ्रेमच्या खालच्या नळीत, सर्वांत सखल जागी बसवलेला होता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, की कंट्रोलरची डबी सीटखाली किंवा बॅटरीच्या बैठकीत, जमिनीपासून उंच असावी. वायर डबीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिलेला असावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या टोकाशी ठिबकून जाते, आत शिरत नाही. विक्रेत्याला हे ठाऊक नसले तरी घरी एक प्लास्टिकची पट्टी बांधून झोळ देता येतो.

सोल्डरगन

मी पेशाने इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करतो. पूर्वी टीव्ही, आता इन्व्हर्टर आणि ई-सायकली. मोटरीवर चर्चा चांगली झाली आहे, पण या गाडीत सर्वांत महाग आणि सर्वांत आधी म्हातारी होणारी वस्तू म्हणजे बॅटरी. गाडी निवडताना खरे तर तिच्यापासूनच सुरुवात करावी.

आधी आकार ठरवू. ३६ व्होल्ट आणि १०.४ अँपिअर-तास यांचा गुणाकार ३७४ वॅट-तास होतो, म्हणजे बॅटरीत एवढी ऊर्जा मावते. पायडल मारत चालवणाऱ्याला सपाट रस्त्यावर दर किलोमीटरला साधारण ८ ते १० वॅट-तास लागतात. २२ कि.मी.साठी जास्तीत जास्त २२० धरा. काही वर्षांनी बॅटरीची क्षमता ७० टक्क्यांवर आली तरी २६२ उरतात, म्हणजे तुमचे काम भागते. ७.८ अँपिअर-तासाची बॅटरी नवी असताना २८१ देते. त्यातही भागते, पण ७० टक्क्यांवर १९७ उरतात आणि घर येण्याआधी मोटर थांबते. म्हणजे तीन-चार हजार वाचवण्यासाठी लहान बॅटरी घेतली, तर पूर्ण बॅटरी बदलण्याचा खर्च लवकर अंगावर येतो.

दुसरे, बॅटरी किल्लीने निघणारी असावी आणि तिची पेटी प्रचलित आकाराची असावी. फ्रेमच्या नळीत कायमची बुजवलेली बॅटरी दिसायला देखणी असते, पण ती त्या एका मॉडेलपुरतीच बनवलेली असते. मॉडेल बंद झाले की पुन्हा तुमचा माळा. वॉरंटीत बॅटरी कंपनीकडे पाठवायची झाल्यास वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे बिलावर लिहून घ्यावे, कारण लिथियम बॅटरी विमानाच्या पार्सलने पाठवण्यावर कडक निर्बंध आहेत आणि रस्त्याने पाठवायलाही सगळे कुरिअरवाले तयार नसतात.

जुना_फिटर

बॅटरी कमजोर झाली तर आता नाशिकमध्येही नवे सेल घालून पॅक भरून देणारे आहेत. निम्म्या खर्चात काम होते. स्थानिक दुरुस्ती म्हणायची, तर तीही धरायला हवी.

सोल्डरगन

येथे मी आपल्याशी सहमत नाही आणि कारण सविस्तर सांगतो, कारण हा विषय आगीचा आहे.

३६ व्होल्टच्या पॅकमध्ये सेलचे दहा गट एकामागोमाग जोडलेले असतात. १०.४ अँपिअर-तासाच्या पॅकमध्ये बहुधा प्रत्येक गटात चार, म्हणजे एकूण चाळीस सेल असतात. प्रत्येक सेल १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, बोटाएवढा. एक गट अशक्त झाला, की बाकीचे नऊ सशक्त असूनही संरक्षक सर्किट त्या एका गटासाठी संपूर्ण पॅक बंद करते. अशा वेळी फक्त तो गट बदलणे शक्य असते, हे मी मान्य करतो आणि मी स्वतः ते करतोही. पण त्यासाठी क्षमता मोजून जुळवलेले सेल लागतात, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडावी लागते आणि गटांमध्ये इन्सुलेशनचा कागद लागतो. बाजारात मात्र जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून, त्यांवर थेट सोल्डरगन टेकवून पॅक बनवणारे बसलेले आहेत. त्या उष्णतेने सेलच्या आत काय इजा झाली, ते त्या दिवशी दिसत नाही. ही वस्तू तुम्ही रात्री घरात, मुले झोपलेली असताना चार्जिंगला लावणार आहात. ज्याच्या टेबलावर स्पॉट वेल्डिंगचे यंत्र आणि सेल तपासण्याचे यंत्र दिसत नाही, त्याच्याकडून पॅक उघडून घेऊ नये. त्यापेक्षा त्याच मापाचा नवा पॅक घ्यावा.

चार्जरच्या बाबतीत तर मी कोणाचीही हयगय करत नाही. नेहमीच्या दहा गटांच्या लिथियम पॅकचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो. लोहयुक्त लिथियमचा, म्हणजे एलएफपीचा ३६ व्होल्टचा पॅक बारा गटांचा असू शकतो आणि त्याचा चार्जर ४३.८ व्होल्टचा असतो. दोन्हींची पिन हुबेहूब सारखी असू शकते. तो ४३.८ चा चार्जर चुकून ४२ च्या पॅकला लावला, तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळजवळ ४.३८ व्होल्ट चढू पाहतात. मग संरक्षक सर्किट वेळेवर तोडेल, एवढ्याच भरवशावर आपण असतो.

जुना_फिटर

चार्जरचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. पॅकविषयीही आपले म्हणणे मान्य करतो. मी ज्यांच्याकडे पाठवतो त्यांचे टेबल एकदा नीट पाहून येतो.

उट्रेख्तकर

मी अकरा वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो. इथे अशा सायकली अगणित आहेत, म्हणून दुरुस्ती सोपी असेल असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात आमच्या गल्लीतला दुकानदार आपल्याकडे न विकलेल्या बनावटीची मोटर हातात घेत नाही, टायर-ब्रेकपुरतेच पाहतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा हलक्या वाहनांची बॅटरी, तिच्यातल्या सुट्या सेलसह, स्वतंत्र कारागिराला काढता आणि बदलता आली पाहिजे. तोपर्यंत मीदेखील हब मोटरवाली, साधीच सायकल चालवतो.

दोन_चाके

भारतात असा काही आधार आहे का? आणि स्थानिक कारागीर वेग वाढवून देतो म्हणतात, ते कितपत योग्य?

सोल्डरगन

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्यातली चार क्षेत्रे आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे. तक्रार जरूर करावी, पण कंट्रोलर मात्र वायरी जुळणाराच घ्यावा.

वेगाविषयी सांगायचे, तर तासाला २५ कि.मी.पेक्षा कमी वेग, २५० वॅटपेक्षा कमी शक्ती आणि बॅटरी वगळता ६० किलोच्या आत वजन, या मर्यादेत राहिल्यामुळेच या सायकलीला नोंदणी आणि परवाना लागत नाही. कोणी ५०० वॅटची मोटर बसवून दिली, तर कायद्याच्या दृष्टीने ते विनानोंदणीचे मोटारवाहन होते, आणि अपघात झाल्यावर हा फरक फार महागात पडतो.

पंचगंगाकाठ

सर्वांचे आभार. गेल्या दोन आठवड्यांत काय झाले ते लिहितो.

दुकानात जाण्याआधी मी माळ्यावरची सायकल उतरवली आणि आमच्या गल्लीतल्या वायंडिंगवाल्यांकडे नेली. मागाच्या मोटरी भरण्यात त्यांची हयात गेली आहे, पण इलेक्ट्रिक सायकल त्यांनी कधी उघडली नव्हती. येथील चर्चा मी त्यांना मोबाईलवर वाचून दाखवली. "तीन फेज आहेत ना, मग ही आपल्या जातीतलीच," एवढे म्हणून त्यांनी सायकल उलटी केली, चेन उतरवली आणि मागचे चाक फिरवले. पुढच्या दिशेने ते सहज फिरले. माझा चेहरा उजळला, तेव्हा ते म्हणाले की पुढे फिरवून काही कळणार नाही, आतल्या क्लचमुळे मोटर सुटी राहत असावी, उलटे फिरवा. उलट फिरवताच चाक गचके देत, जड जाऊ लागले. त्यांनी मोटरच्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवल्या आणि पुन्हा उलट फिरवले, तर चाक हलके झाले. म्हणजे मोटर चांगली, दोष कंट्रोलरमध्ये. वायरींची टोके एकमेकांना टेकवून त्यांनी खात्रीही करून घेतली; टेकवली की चाक पुन्हा जड होत होते. ज्या डिस्प्लेसाठी मी दोन महिने वाट पाहिली, तो कदाचित निर्दोषच असेल आणि नुसता कंट्रोलरचा दोष आकड्यात सांगत असेल. पुण्यापर्यंत फोटो गेले, पण चाक मात्र कोणी उलटे फिरवून पाहिले नव्हते.

जुना_फिटर

वा! क्लचची गोष्ट मी लिहायची राहून गेली होती. आपल्या कारागिरांना माझा नमस्कार सांगावा. मग आता नवी कशाला घेता? हॉल सेन्सरसह आणि ते बिघडले तर त्यांच्याविनाही, अशा दोन्ही पद्धतींनी चालणारा कंट्रोलर आणि त्याच्या जोडीचा साधा डिस्प्ले घालून जुनीच चालू करता येईल.

पंचगंगाकाठ

तोच विचार होता, पण जुन्या सायकलीची बॅटरी फ्रेमच्या नळीत बुजवलेली आहे आणि दीड वर्ष चार्ज न करता पडून राहिल्यामुळे मीटरवर जेमतेम १९ व्होल्ट दाखवते. इतकी उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज करण्याचा प्रयत्नही करू नये असे येथील इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी सांगितले, आणि सोल्डरगन यांचे लिखाण वाचून मला ते पटले. त्यामुळे ती फ्रेम आणि चाक वायंडिंगवाल्यांनी शिकण्यासाठी ठेवून घेतले आहे.

नवी घ्यायला मी त्यांना सोबत नेले. पहिल्या दुकानात कंट्रोलर उघडायला नकार मिळाला. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने आनंदाने उघडला, पण मोटरच्या वायरीला कुठेही कनेक्टर नव्हता. तिसऱ्या दुकानात होती ती सायकल रंगाने अगदीच सामान्य, राखाडी, दिवाही वेगळा बसवलेला. मात्र कंट्रोलर सीटखाली होता, डिस्प्ले काढल्यावर थ्रॉटलवर चाक फिरले, टायर २६ इंची, ब्रेक तारेचे आणि बॅटरी किल्लीने निघणारी, १०.४ अँपिअर-तासाची. वायंडिंगवाल्यांनी कंट्रोलरच्या वायरींचे रंग एका कागदावर उतरवून घेतले. ३६ हजारांत सौदा झाला. वॉरंटीत बॅटरी नेण्या-आणण्याचा खर्च दुकानाचा, हे वाक्य बिलावर लिहून घेण्यासाठी पाऊण तास थांबावे लागले, पण लिहून घेतले.

वाशिष्ठी

अभिनंदन. वायरींना झोळ दिलात ना?

पंचगंगाकाठ

पहिल्याच दिवशी दिला. कार्यालयात एका सहकाऱ्याच्या सायकलीचा चार्जर ४३.८ चा निघाला आणि पिन तंतोतंत माझ्यासारखीच, म्हणून माझ्या चार्जरवर आणि बॅटरीच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने ठळक '४२' लिहिले आहे. पंक्चरवाल्यांकडे १८ नंबरचा पाना खरोखरच नव्हता. तो आता सीटखालच्या पिशवीत असतो.